फाटका कान आणि अकरा मोजे

हरणाशी वैर धरायला माणसाला भरपूर सवड लागते. मला ती होती. विमा कंपनीत चौतीस वर्षं लोकांचे दावे तपासून मी निवृत्त झालो होतो, आणि माझी बायको लिनेट बारा मेला ओहायोला गेली होती, तिच्या बहिणीच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी. महिनाभर घर, बाग आणि मी असे तिघेच राहणार होतो. हरणांचा यात उल्लेख नाही, कारण आमच्या आवारात हरणं येतात हेच मला तोवर माहीत नव्हतं.

जाताना लिनेटनं गाडीची काच खाली केली.

"रोज सकाळी बागेला पाणी घाल."

"आणि?"

"आणि दुसरं काहीही करू नकोस, लॉयड."

हे मला लागलं. जळालेल्या गोदामाच्या राखेत उभं राहून त्यात खुर्च्या खरोखर किती होत्या आणि नुसत्या कागदावर किती होत्या हे सांगणारा माणूस मी. मला काय बागेतलं चार दिवस बघता येणार नाही? पण प्रसंग मोठा होता म्हणून गप्प बसलो.

प्रसंग असा, की आमच्या क्रायडर्सबर्गच्या बागप्रेमी मंडळाची दर वर्षी जूनच्या दुसऱ्या शनिवारी बागफेरी निघते. गावातल्या सहा बागा निवडतात आणि लोक हातात नकाशा घेऊन एकेक बाग बघत हिंडतात. पेनसिल्व्हेनियात याहून मोठे मान असतील, पण आमच्या गल्लीत नाहीत. लिनेट नऊ वर्षं अर्ज करत होती. आठ वर्षं मंडळानं आभाराचं कार्ड पाठवलं आणि नवव्या वर्षी निवड कळवली. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली आणि मग मला म्हणाली, कांदा चिरत होते. ओट्यावर कांदा नव्हता.

आमची बाग सावलीची, म्हणजे होस्टांची. होस्टा हे केवळ पानांसाठी लावायचं झाड. त्याला फूल येतं, पण ते कोणी मनावर घेत नाही. पुढच्या अंगणात असे तेवीस होस्टा होते आणि पायरीशेजारचा सर्वांत मोठा, निळसर पानांचा, तो लिनेटच्या आईचा. शेत विकलं त्या दिवशी मायलेकींनी तो खणून गाडीच्या मागच्या सीटवर बसवून आणला होता. आई जाऊन सहा वर्षं झाली. बागफेरीला त्याच्यापुढं लावायला लिनेटनं एक पाटी रंगवून ठेवली होती: 'विल्माचा होस्टा'. दर वसंतात ती कुदळीनं त्या झाडाची एक कड तोडते आणि गल्लीत कोणाला तरी देऊन येते. आमच्याकडच्या बागवाल्यांत ही पद्धतच आहे. मी तिला दर वर्षी सांगायचो, अगं, असा वाटत सुटलीस तर आपल्याला उरेल काय? त्यावर ती नुसती हसायची.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी पालिकेचं पत्र आलं. पत्र वाचण्याची माझी एक पद्धत आहे. वरचा नमस्कार-चमत्कार सोडून द्यायचा आणि थेट कलमावर जायचं. चौतीस वर्षं मी हेच केलं. कलम स्पष्ट होतं: दहा इंचांपेक्षा उंच वाढलेलं गवत दहा दिवसांत कापावं, अन्यथा पालिका ते कापून घेईल. मी पत्र घेऊन मागच्या अंगणात गेलो. तिथं शेडच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, खरोखरच गुडघाभर रान माजलं होतं. गवत, क्लोव्हरचा तिपानी चारा, निळी-पिवळी कसलीकसली फुलं. मला शरम वाटली. आमच्या गल्लीत माणसाची पारख त्याच्या गवतावरून होते, आणि ज्या घरात बागफेरी यायची त्याच्या पाठीमागं ही दशा! लिनेट पुढच्या बागेच्या नादात हे विसरली असणार, असं मी तिला मनातल्या मनात माफही करून टाकलं.

बसून चालवायचं गवतयंत्र काढलं आणि दोन तासांत सगळं सपाट केलं. मध्ये एक छोटी लाकडी पाटी आडवी आली, तिच्यावर मधमाशी रंगवलेली होती. लिनेटची काहीतरी हौस. ती उपटून गॅरेजमध्ये ठेवली. काम झाल्यावर पट्टे इतके सरळ उठले होते की मी शेडवर चढून त्यांचा फोटो काढला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालायला पुढं आलो तर कडेच्या चार होस्टांना पानं नव्हती. नुसते देठ उभे होते, सगळे एकाच उंचीचे. आधी मला वाटलं, हे मुलांचं काम. मग मातीत खुरांचे ठसे दिसले, आणि मान वर केली तर रस्त्यापलीकडच्या झाडीतून एक हरिणी माझ्याकडं बघत होती. तिचा डावा कान फाटलेला होता. तोंड हलत होतं.

लिनेटचा रोज संध्याकाळी फोन यायचा.

"बाग कशी आहे?"

"उत्तम."

"पाणी?"

"वेळेवर."

"दुसरं काही केलं नाहीस ना?"

"छे!" मी म्हणालो. गवताचं ती आल्यावर तिला दाखवून चकित करायचं ठरवलं होतं. होस्टांचं सांगायचा धीर झाला नाही.

समोरच्या घरात रसेल ट्रॉक्सेल राहतो. हरणांबद्दल विचारायचं तर रसेललाच, कारण तो दर वर्षी शिकारीच्या हंगामात तीन दिवस झाडावर बसून येतो. बहुतेक वर्षी तो सर्दी घेऊन येतो, पण अनुभव तो अनुभव.

"साबण," रसेल म्हणाला. "उग्र वासाचा घे. तुकडे करून मोज्यात बांध आणि टांग झाडांना. हरीण फिरकायचं नाही."

"कसल्या मोज्यात?"

"बायकांच्या लांब नायलॉनच्या. वास बाहेर यायला हवा ना, बाबा."

लिनेटच्या कपाटात अकरा सापडले. आता मोजे जोडीनं असतात, मग अकरा कसे, हा प्रश्न मला त्याही अवस्थेत पडला. असो. अकरा मोजे मी पुढच्या झाडांवर, झुडपांवर आणि दिव्याच्या खांबावर टांगून मागं सरकून बघत होतो, तोच शेजारच्या मिसेस बॉयर कुत्र्याला घेऊन आल्या. आर्डिथ बॉयर या बागप्रेमी मंडळाच्या अध्यक्षा. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ. सहा बागांची यादी अखेर त्यांच्या सहीनं निघते.

त्या एका मोज्याकडं बघत राहिल्या.

"लिनेट घरी नाही वाटतं?"

"ओहायोला गेलीय, मिसेस बॉयर. हे हरणांसाठी आहे."

"हरणांसाठी," त्या म्हणाल्या आणि कुत्र्याची दोरी आखडून निघून गेल्या.

सकाळी आणखी पाच होस्टा गेलेले. फाटक्या कानानं मोज्यांच्या बरोबर खालून जेवण केलं होतं. एका मोज्यातल्या साबणाचाही कोपरा कुरतडलेला दिसला, तो बहुधा तोंड धुवायला.

रसेल खचला नाही. सल्ला देणारा कधी खचत नसतो, हे मी नोकरीतही पाहिलं आहे. "मग केस," तो म्हणाला. "माणसाचे. माणसाचा वास आला की पळतात." मी न्हाव्याकडे गेलो. त्यानं दोन पोती भरून केस दिले आणि काही विचारलं नाही, त्याबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे. मी ते वाफ्यावाफ्यात पसरले आणि दुपारी वारा सुटला. मिसेस बॉयर त्या वेळी आपल्या ओसरीवर मंडळाच्या दोघीतिघींना थंड चहा देत होत्या. जे केस त्यांच्या पेल्यांत गेले नाहीत ते पक्ष्यांनी घरट्यांसाठी नेले. रसेलच्या मेपलवर एका घरट्यातून रसेलचेच पांढरे केस लोंबत होते, आणि ते त्यानं मला मोठ्या अभिमानानं दाखवले.

"आणि हरणं?" मी विचारलं.

"हरणांना सवय झाली असेल माणसांची," तो म्हणाला. हे दोन दिवस आधी का सुचलं नाही, असं मी विचारलं नाही.

मग आलं मिश्रण. डझनभर अंडी, लसूण, दूध आणि लाल तिखट बादलीत घालून झाकण लावायचं आणि पाच दिवस ऊन लागेल अशा जागी ठेवायचं. ऊन लागेल अशी जागा म्हणजे आमचं गॅरेज. गॅरेजमध्ये माझी गाडी आणि गाडीत माझा रविवारचा कोट. पाचव्या दिवशी मी ते नाकाला रुमाल बांधून फवारलं, आंघोळ केली, कोट घातला आणि प्रार्थनेला गेलो. आमच्या चर्चमध्ये जागा ठरलेल्या असतात, गेली वीस वर्षं तीच माणसं त्याच बाकांवर बसतात. त्या रविवारी माझ्या पुढचे दोन आणि मागचे तीन बाक पहिल्या स्तोत्राच्या आतच रिकामे झाले. पाद्रीबाबांनी प्रवचनात दुःखी आणि एकाकी लोकांसाठी प्रार्थना केली, आणि करताना त्यांची नजर माझ्यावर होती. सोमवारी पाऊस पडला आणि मिश्रण वाहून गेलं. वास मात्र कोटात राहिला.

होस्टा आता अकरा उरले होते. बागफेरीला दोन आठवडे होते.

इतक्या अपमानानंतर माणूस कायद्याकडं वळतो. मी कुंपण घालायचं ठरवलं आणि पालिकेत गेलो. खिडकीमागं एक शांत चेहऱ्याची बाई होती.

"पुढच्या अंगणात कुंपण चार फुटांपर्यंत घालता येतं," ती म्हणाली.

"हरीण आठ फूट उडी मारतं."

"हरणाच्या उडीबद्दल नियमात काही नाही."

"म्हणूनच मी विचारतोय."

"सूट हवी असेल तर अर्ज करा. सुनावणी ऑगस्टच्या तिसऱ्या मंगळवारी."

"बागफेरी जूनमध्ये आहे!"

"मग पुढच्या वर्षीच्या फेरीला उपयोगी पडेल," ती समजुतीनं म्हणाली. मग पडद्यावर काहीतरी बघून थांबली. "केमरर, नाही का तुम्ही? तुमच्या पत्त्याचा आणखी एक कागद आमच्याकडं अडकलाय. त्याचं काय करायचं? तुमच्याकडून—"

"बाई," मी म्हणालो, "एका वेळी एक विषय."

चौतीस वर्षं मीच हे वाक्य खिडकीच्या आतून बोलत होतो. बाहेरून बोलायला मिळालं म्हणून मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला पुढं फार महागात पडलं.

परत येताना रसेलनं रस्त्यातच गाठलं आणि एक बाटली हातात दिली. कायोटीचं मूत्र. कायोटी म्हणजे आमच्याकडचा रानटी कुत्रा, आणि त्याचं मूत्र शिकारीच्या दुकानात बाटलीत मिळतं. ते कसं जमा करतात ते मी विचारलं नाही. माणसानं काही गोष्टी अंधारात ठेवाव्यात. मी बागेच्या हद्दीनं थेंब थेंब टाकले. हरणांवर परिणाम समजायला सकाळ उजाडावी लागली असती, पण मिसेस बॉयरांच्या पॉपीवर तो ताबडतोब झाला. पॉपी हे पांढरं, लोकरी, पेटीत ठेवावं असं कुत्रं. ते दोरी तोडून आलं आणि आमच्या वाफ्यात पाठीवर पडून लोळू लागलं. एवढं सुखी कुत्रं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"तिला तीनदा आंघोळ घातली," मिसेस बॉयर फोनवर म्हणाल्या. "लॉयड, मी तुला एकच विचारते. फेरीच्या शनिवारी शंभर माणसं तुझ्या दारात आणायची आहेत. आणू ना?"

"आणा की," मी म्हणालो.

"मी यादी अजून छापायला दिलेली नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून मला झोप लागेना. बाग माझी असती तर मी सरळ नांगरून टाकली असती. पण ती नऊ कार्डं मला माहीत होती. आठ आभाराची आणि एक निवडीची, सगळी तिनं एकाच डब्यात ठेवली आहेत.

शेवटचा उपाय यंत्राचा होता. जमिनीत खोचायचं, नळी जोडायची, आणि समोर काही हललं की ते पाण्याचा फवारा मारतं. हे यंत्र उत्तम चालतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्या दिवशी त्यानं टपालवाल्या योलांडाला पत्रांसकट भिजवलं. दुसऱ्या दिवशी मी दिशा बदलली तर त्यानं तिला दुसऱ्या बाजूनं भिजवलं. तिसऱ्या दिवशी टपाल आलंच नाही. टपाल कार्यालयाची चिठ्ठी आली, तीही रसेलच्या हस्ते: आपल्या आवारात कर्मचाऱ्यास धोका असल्यामुळे वाटप थांबवण्यात येत आहे.

"कुत्रा चावला की थांबवतात," रसेल म्हणाला. "नळीनं थांबलेलं तूच पहिला."

फाटका कान मात्र फवाऱ्याच्या बरोबर मागं उभा राहून खात होता. यंत्र पुढं बघतं, मागं बघत नाही, हे त्या हरिणीला एका दिवसात कळलं. मला सूचनापत्रकाच्या तिसऱ्या पानावर कळलं.

आता मी सगळं सोडून फक्त विल्माचा होस्टा वाचवायचं ठरवलं. त्याच्यावर कपड्यांची मोठी टोपली पालथी घातली आणि वर दगड ठेवला. बुधवारी सकाळी दार उघडलं तेव्हा टोपली रस्त्यावर होती. दगड जिथल्या तिथं होता. आणि पायरीशेजारी देठांची एक जुडी उभी होती, निळसर, कापल्यासारखी सारखी.

मी पायरीवर बसलो. मला रडू आलं. ओट्यावर कांदा नव्हता, आणि खोटं सांगायला समोर कोणी नव्हतं. संध्याकाळी फोन वाजला तो मी उचलला नाही.

म्हणून लिनेट गुरुवारी सकाळीच आली. शुक्रवारी यायची होती, पण मी फोन उचलत नाही म्हणजे मेलो असेन असं तिला वाटलं. गाडीतून उतरून ती फाटकाशी उभी राहिली. मोजे बघितले. केस बघितले. वास घेतला. मी पुढं झालो, पण ती माझ्या बाजूनं निघून पायरीपर्यंत गेली, वाकली, त्या देठांना हात लावला, आणि घराला वळसा घालून मागं गेली. मी मागोमाग.

शेडपाशी ती थांबली.

"मागचं गवत कोणी कापलं?"

"मी!" एवढी एकच गोष्ट माझ्या बाजूनं होती. "पालिकेचं पत्र आलं होतं. थांब, दाखवतो."

मी धावत जाऊन पत्र आणलं. लिनेटनं ते वरून वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं.

"'आपल्या मागील अंगणातील फुलपाखरू-कुरणाच्या नोंदणीची मुदत संपत आहे. सोबतच्या अर्जावर सही करून परत पाठवल्यास नोंदणी पुढे चालू राहील. नोंदणी नको असल्यास—'" ती थांबली. "नको असल्यास, लॉयड. 'नको असल्यास दहा इंचांपेक्षा उंच वाढलेलं गवत दहा दिवसांत कापावं.'"

पालिकेत अडकलेला तो दुसरा कागद याच नोंदणीचा होता, हे मला तेव्हा उमगलं.

"नऊ वर्षं मी तिथं क्लोव्हर पेरते. फुलपाखरांसाठी म्हणून नोंद केली, हरणांना खायला घालायची पालिकेची परवानगी नाही म्हणून. ती जंगलातून येतात, तिथं पोटभर खातात आणि परत जातात. पोट भरल्यावर पुढं कशाला येतील? तू त्यांचं ताट उचललंस, आणि मग महिनाभर पाहुण्यांच्या ताटाला साबण लावत बसलास."

"मला तू सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"मी सांगितलं होतं. दुसरं काहीही करू नकोस."

मला तेव्हा एक बाई आठवली. तिच्या तळघरात पाणी भरलं होतं, आणि मी तिला पान चारवरची ओळ दाखवली होती. बाई, तुम्ही कागद पूर्ण वाचायला हवा होता, असं मी म्हणालो होतो. तिनं वाद घातला नाही. कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि गेली. तिचं नाव मला वीस वर्षांत आठवलं नव्हतं, ते आमच्या शेडपाशी आठवलं. मी लिनेटला म्हणालो, "चूक माझी आहे. सगळी." असं वाक्य मी नोकरीत कधी लिहूनही दिलं नव्हतं.

"आईचं झाड मेलं नाही," ती म्हणाली. "मूळ शाबूत आहे. पुढच्या वर्षी येईल." मग खाली बघून म्हणाली, "शनिवारी येणार नाही, एवढंच."

तो 'एवढंच' मी विसरणार नाही.

ती आत गेली आणि मिसेस बॉयरांना फोन लावून म्हणाली, "आर्डिथ, माझी बाग यादीतून काढा. दाखवायला काही राहिलं नाही." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन लगेच संपला.

अर्ध्या तासानं मिसेस बॉयर आमच्या दारात उभ्या होत्या. ताठ पाठ थोडी वाकलेली, कारण हातात कुंडी होती, आणि हात कोपरापर्यंत मातीत. कुंडीत निळसर पानांचा होस्टा होता.

"तुझ्या आईचा," त्या लिनेटला म्हणाल्या. "तू मला दिलास त्याला पाच वर्षं झाली. मी आत्ता खणला. जिथला तिथं ठेव."

"आर्डिथ, पण मंडळाचा नियम आहे ना? बाग मालकानं स्वतः वाढवलेली हवी."

"नियम मी लिहिलाय," मिसेस बॉयर म्हणाल्या. "वाढवलेलं तुझंच आहे. गल्लीत नुसतं वाटून ठेवलंयस. मी गल्लीत फोन केलेत."

शुक्रवारी दिवसभर माणसं येत राहिली. रसेल ढकलगाडीत दोन होस्टा घेऊन आला आणि आजवर प्रथमच त्यानं सल्ला दिला नाही. न्हाव्याची बायको आली. योलांडा आपल्या गाडीतून एक कुंडी घेऊन आली आणि फाटकाबाहेर उभी राहून ओरडली, "लॉयड! आधी ते यंत्र बंद कर!" मी बंद केलं, नळीही काढली, आणि हात पोचला तिथले मोजेही उतरवले. संध्याकाळपर्यंत चौदा होस्टा जमले, सगळे त्या एकाच झाडाच्या कडा. यातली प्रत्येक कड तुटताना मी म्हणालो होतो, आपल्याला उरेल काय. ते चौदाही होस्टा शुक्रवारची रात्र आमच्या दिवाणखान्यात राहिले आणि मी जेवणाच्या खुर्चीत, कारण सोफ्यावर मिसेस बॉयरांची कुंडी होती.

शनिवारी सव्वाशे माणसं आली. पायरीशेजारी पाटी लागली होती. लिनेट प्रत्येकाला एकच सांगत होती, हे झाड माझ्या आईचं आणि बाग या गल्लीची. ती दोनदा आत जाऊन आली. कांद्याबद्दल कोणी विचारलं नाही.

तेवढ्यात एका गृहस्थानं खिशातून पेन्सिल काढली. "हरणांचं काय करता हो तुम्ही?" एकदम सगळी बाग गप्प झाली. आमच्या भागात हा प्रश्न चर्चमध्ये विचारला तरी लोक असेच गप्प होतील. पंधरावीस वह्या उघडल्या. सगळे लिनेटकडं बघत होते.

"लॉयडला विचारा," ती म्हणाली. "त्याचा अभ्यास आहे."

मी त्यांना घेऊन मागं गेलो. बारीक कापलेल्या गवताच्या मधोमध, भर दुपारी, फाटक्या कानाची हरिणी उभी होती. तिथं पूर्वी काय होतं ते तिला आठवत असावं. ती पळाली नाही. पंचवीस माणसं तिच्याकडं बघत होती, आणि ती माझ्याकडं.

"साबण चालत नाही," मी म्हणालो. "केस, अंडी, फवारा, काहीही चालत नाही. पत्र आलं की पहिल्या ओळीपासून वाचा." काहींनी ते लिहून घेतलं.

सोमवारी मी अर्ज भरला. वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, तिसऱ्यांदा लिनेटला मोठ्यानं वाचून दाखवला, सही केली आणि मधमाशीची पाटी जागेवर ठोकली. क्लोव्हरचं बी मीच पेरलं.

आठ दिवसांनी पालिकेचं उत्तर आलं. ते योलांडानं हातात दिलं आणि वाचेपर्यंत फाटकाशी उभी राहिली. लिनेटही आली. मी पहिला परिच्छेद वाचला: नोंदणी मंजूर. मग दुसरा वाचला.

"काय म्हणतात?" लिनेटनं विचारलं.

दिव्याच्या खांबावरचा अकरावा मोजा दहा दिवसांत काढावा, असं म्हणत होते. लिनेटनं पत्र हातात घेतलं, वर खांबाकडं बघितलं, आणि महिन्याभरानं प्रथमच ती हसली. शिडी मी आणली. ती शिडी तिनं धरली.